विषादाची नावे

गीतेचा पहिला अध्याय आपण बहुधा घाईने वाचतो. नित्यपाठ करणारे तो म्हणतात खरे, पण चित्त लागलेले असते पुढच्या अध्यायाकडे. श्रीमच्छंकराचार्यांचे भाष्यही श्लोकशः सुरू होते ते दुसऱ्या अध्यायाच्या अकराव्या श्लोकापासून. तत्त्वोपदेश तेथूनच आरंभतो, हे मान्य. परंतु ज्या मनुष्याला हा उपदेश केला त्याचे नेमके काय झाले होते, हे त्या आधीच्या श्लोकांतच लिहून ठेवले आहे, आणि तेही अत्यंत काटेकोर शब्दांत. प्रस्तुत पाठात त्या शब्दांचाच विचार करावयाचा आहे. मनावरचा भार सोसण्याच्या पलीकडे जातो, त्या क्षणाला गीता काय म्हणते, आपली मराठी काय म्हणते, आणि ते नाव कोणी ठेवावयाचे, एवढाच प्रश्न.

हा प्रश्न मला ग्रंथातून सुचलेला नाही. माझे वास्तव्य बंगळूरला असते. आमच्याकडे दर रविवारी सात-आठ मराठी कुटुंबांतील मंडळी जमतात व गीतेचे दोन-चार श्लोक अर्थासह वाचतात. काही वर्षांपूर्वी माझा भाचा नोकरीनिमित्त येथे आला व आमच्याच घरी राहू लागला. एके रात्री साडेदहाच्या सुमारास तो कचेरीतून परतला आणि पायांतले बूटही न काढता दाराजवळच्या खुर्चीवर बसून राहिला. काय झाले म्हणून विचारले तेव्हा एवढेच म्हणाला, "मामा, आता नाही झेपत." मी तत्काळ उत्तर दिले, "अरे, तुझ्या वयात आम्ही दोन-दोन नोकऱ्या केल्या. हा निव्वळ भित्रेपणा आहे." दुसऱ्या अध्यायाचा तिसरा श्लोक मला मुखोद्गत होता, तोही त्याला ऐकविला. तो उठला आणि न जेवताच आत जाऊन निजला. पुढे तीन आठवडे तो माझ्याशी कामापुरतेच बोलत असे.

श्लोक भगवंतांचाच होता. मग चुकले कोठे? त्या तीन आठवड्यांत मी पहिला अध्याय पुन्हा, या वेळी सावकाश, वाचला.

या प्रसंगी तीन माणसे बोलतात आणि तिघांचे शब्द भिन्न आहेत, ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी. संजय हा दुरून पाहणारा. तो अठ्ठाविसाव्या श्लोकात दोन शब्द योजतो : कृपा आणि विषाद. कृपा म्हणजे येथे कळवळा, आतून पाझर फुटणे. अर्जुनाला भय वाटले, असे संजय कोठेही म्हणत नाही. ज्ञानेश्वरमहाराजांनी या जागी जे दृष्टान्त दिले आहेत तेही याच अर्थाचे आहेत. कोरड्या लाकडाला सहज भोक पाडणारा भुंगा कोवळ्या कमळकळीत अडकून पडतो. मीठ पाण्याने विरघळते. राजहंस चिखलात रुततो. यांत मोडणे, तुटणे, पळणे कोठेच नाही. अडकणे आहे, विरघळणे आहे, रुतणे आहे. संतांची निवड किती जपून असते ती पाहावी.

स्वतः अर्जुन मात्र आरंभी मनाचे नाव घेतच नाही. तो शरीराची तक्रार सांगतो. गात्रे ढिली पडत आहेत, तोंडाला कोरड पडली आहे, कंप सुटला आहे, अंगावर काटा आला आहे, त्वचा जळते आहे, उभे राहवत नाही. मन भोवंडते आहे, हे तो अगदी शेवटी सांगतो. या दोन श्लोकांतील वाक्यरचना न्याहाळली तर एक मौजेची गोष्ट दिसते. 'मी' हा बहुतेक ठिकाणी कर्ता नाहीच. गात्रे कर्ता आहेत, मुख कर्ता आहे, त्वचा कर्ता आहे. गांडीव धनुष्य हातातून गळत आहे. अर्जुन ते टाकीत नाही, ते आपण होऊन निसटते आहे.

आता याच अध्यायाचा शेवटचा, सत्तेचाळिसावा श्लोक पाहावा. तेथे अर्जुन धनुष्यबाण टाकून देऊन रथात बसला, असे संजय सांगतो. आधी धनुष्य गळत होते, आता ते टाकले आहे. या दोन क्रियापदांच्या मध्ये सोळा श्लोक आहेत, आणि ते सारे युक्तिवादाचे आहेत : कुलक्षय, वर्णसंकर, पितरांचे पतन, नरकवास. देहावर जे ओढवले त्याला बुद्धी मागाहून कारणे पुरविते आणि ओढवलेल्या गोष्टीचा निर्णय बनविते. दुसऱ्या अध्यायाच्या नवव्या श्लोकात तर 'मी' पूर्णपणे कर्ता होऊन बसतो : मी लढणार नाही. आणि मग तो गप्प होतो.

आपल्या मराठीला हा भेद फार चांगला ठाऊक आहे. आपणच तो विसरतो. 'माझ्याने सोसवत नाही' आणि 'मी सोसणार नाही' ही दोन वाक्ये तोलून पाहावीत. पहिल्यात मनुष्य कर्तेपणातून बाजूला सरला आहे. करवणे, चालवणे, बोलवणे, बघवणे ही शक्यतेची रूपे म्हणजे गांडीव गळण्याचे व्याकरण होय. दुसऱ्यात निश्चय आहे. याहूनही सूक्ष्म असे एक रूप आपल्या भाषेत आहे : अन्न जाईनासे झाले, काही सुचेनासे झाले, झोप येईनाशी झाली. कालपर्यंत जे होत होते ते आज होत नाही, त्या नेमक्या उंबरठ्यावर हे क्रियापद उभे असते. इतकी नेमकी सोय हाताशी असता आपण 'टेन्शन आले' एवढ्यावर भागवितो, याला काय म्हणावे! असो.

बाकीचे मराठी शब्दही असेच चित्रमय आहेत, आणि प्रत्येकाचे चित्र वेगळे आहे. 'ताण' ही दोरीची भाषा. दोरी ताणली जाते आणि शेवटी तुटते. 'दडपण' ही वजनाची. वजनाखाली मनुष्य वाकतो, त्याची कंबर मोडते. 'खचणे' हे भिंतीचे किंवा विहिरीच्या काठाचे. वरून सारे ठीक दिसते आणि खालची जमीन निघून जाते. 'बांध फुटणे' हे पाण्याचे. 'कडेलोट' हा तर किल्ल्यावरचा शब्द. अपराध्याला कड्यावरून लोटून देण्याची ती शिक्षा. आज आपण सहनशीलतेचा कडेलोट झाला म्हणतो तेव्हा तो कडा आपल्या डोळ्यांसमोर नसतो. 'जेरीस येणे' यातला 'जेर' फार्सी असून त्याचा अर्थ 'खाली'; दुसऱ्याने आपल्याला खाली आणले, हा भाव त्यात आहे. 'हवालदिल' यातले 'दिल' म्हणजे काळीज. 'अवसान' हा शब्द संस्कृतात समाप्तीचा वाचक, तर मराठीत ते अंगातले बळ. ते गळते, आणि उसनेही आणता येते.

शब्दांचा हा प्रपंच निष्फळ नव्हे. उपाय चित्रातून निघतो. दोरी ताणली असेल तर ती सैल करावी लागते. वजन असेल तर दुसऱ्याने खांदा द्यावा लागतो. बांधामागे पाणी तुंबले असेल तर त्याला वाट हवी, म्हणजे बोलू द्यावे, रडू द्यावे. जमीनच खचली असेल तर वरून कितीही टेकू दिले तरी ते व्यर्थ. खचलेल्याला 'जरा सैल सोड' म्हणणे आणि ताणलेल्याला 'खंबीर हो' म्हणणे, दोन्ही सारखेच निरुपयोगी.

बंगळूरच्या मराठी माणसाच्या कानांवर कन्नडही सतत पडत असते. या नगरात डी. व्ही. गुंडप्पा यांनी गीतेवर जो कन्नड ग्रंथ लिहिला त्याचे नाव 'जीवनधर्मयोग'. त्याला 1967 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यांनीच 1945 साली येथे स्थापिलेल्या संस्थेला आपल्या नामदार गोखल्यांचे नाव आहे. कन्नडात धीर सुटण्याला 'एदेगुंदु' म्हणतात. 'एदे' म्हणजे छाती, तिचे खालावणे. भगवंतांनी योजलेल्या हृदयदौर्बल्य या शब्दाला याहून जवळचा देशी शब्द मला तरी माहीत नाही. 'कंगेडु' म्हणजे अक्षरशः डोळे बिघडणे, काही दिसेनासे होणे, गांगरणे. आणि 'कै चेल्लु' म्हणजे हात ओतून टाकणे, सांडून देणे. आपण हात टेकतो, कन्नडिग ते सांडतात.

आता तिसरा बोलणारा, श्रीकृष्ण. त्यांचा पहिला शब्द कश्मल. अमरकोशात हा शब्द मूर्च्छा व मोह यांच्या बरोबरीने दिला आहे. म्हणजे तो निंदेचा आहे तितकाच लक्षणाचाही आहे. शिवाय तो प्रश्नार्थक वाक्यात आला आहे : हे तुला कोठून आले? पुढच्या श्लोकात क्लैब्य व हृदयदौर्बल्य हे कठोर शब्द येतात. येथेच मी थांबलो होतो. पण गीता येथे थांबत नाही. या कठोर शब्दांचा परिणाम काय झाला? तत्काळ काहीच झाला नाही. अर्जुन उठला नाही. उलट, भीष्म-द्रोणांवर बाण कसे टाकू, असे त्याने पुन्हा विचारले. चौथ्यापासून आठव्यापर्यंत पाच श्लोक तो बोलतो, आणि भगवंत मध्ये एक अक्षरही उच्चारीत नाहीत.

या पाच श्लोकांत, सातव्यामध्ये, अर्जुनाला स्वतःचा शब्द सापडतो. तो संजयाचा विषाद उचलीत नाही, की श्रीकृष्णांचे क्लैब्य स्वीकारीत नाही. तो म्हणतो कार्पण्य. कृपा, कृपण आणि कार्पण्य ही एकाच कुळातली मंडळी. कृपण म्हणजे कीव यावी असा, आणि मराठीत रूढ झालेल्या अर्थाने चिक्कू, हात आखडलेला. माझा मूळ स्वभाव या कार्पण्याने झाकोळला आहे आणि धर्म कोणता हे मला कळेनासे झाले आहे, असे तो सांगतो. 'मी भ्यालो' असे तो म्हणत नाही. 'मी मुळात असा नाही' हे त्या शब्दात अनुस्यूत आहे. हे म्हटल्याबरोबर, त्याच श्लोकात, तो शिष्य होतो. नाव सापडणे आणि मदत मागणे या दोन गोष्टी तेथे एका श्वासात घडल्या आहेत. त्यानंतर दहाव्या श्लोकात श्रीकृष्ण हसल्यासारखे करून बोलू लागतात.

माझा दोष मला येथे दिसला. तिसरा श्लोक मी म्हटला, पण चौथ्यापासून आठव्यापर्यंतचे त्या मुलाचे पाच श्लोक मी त्याला बोलूच दिले नाहीत. तिसऱ्या रविवारी मंडळी गेल्यावर मी त्याच्यापाशी बसलो व त्याला म्हटले, "त्या रात्री तुझे बोलणे पुरे होऊ दिले नाही. आता सांग." बराच वेळ तो बोलला नाही. मग म्हणाला, "मामा, तुम्ही भित्रेपणा म्हणालात, पण मला भीती वाटत नाही. वाटली असती तर बरे झाले असते. मला कशाचे काही वाटेनासेच झाले आहे." झोप पहाटे तीननंतर लागते, वाचलेली ओळ ध्यानात राहत नाही, हेही त्याने सांगितले. भित्रेपणाला जे औषध ते या स्थितीला नव्हे, हे कळावयास वैद्य असावे लागत नाही. परंतु पुढचे पाहावयास वैद्यच लागतो. आम्ही वैद्यांकडे गेलो. काही महिन्यांनी तो सावरला. नोकरी त्याने सोडली नाही; रात्रीचे काम तेवढे सोडविले.

मनाच्या दुखण्याची एक मोठी राष्ट्रीय संस्था याच नगरात आहे, ही योगायोगाची गोष्ट म्हणावी. 1954 साली येथे अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था निघाली. 1974 साली ती जुन्या मनोरुग्णालयाशी जोडली गेली व आजचे 'निम्हान्स' अस्तित्वात आले. 2022 पासून भारत सरकारची 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवा चालू आहे. तिचा क्रमांक 14416, आणि तेथे मराठीतही बोलता येते. गीतापाठ करणाऱ्या घरांत असा क्रमांक लिहून ठेवणे काहींना कमीपणाचे वाटेल; मला वाटत नाही. अर्जुनाने गात्रांची तक्रार सांगितली ती सारथ्याला, आणि तो ऐकून घेणारा निघाला.

बंगळूरशी निगडित असे याच विषयाचे एक उदाहरण आपल्या इतिहासात आहे. 1638 पासून हे नगर शहाजीराजांच्या जहागिरीत होते. 1664 साली ते निवर्तल्यावर कर्नाटकातील वारसा व्यंकोजीराजांकडे आला व पुढे त्यांनी तंजावर घेतले. 1677 साली शिवछत्रपती दक्षिण दिग्विजयास गेले, तेव्हा वडिलार्जित वाट्यावरून बंधूंची भेट फिसकटली, मग युद्धही झाले, आणि व्यंकोजीराजांच्या सैन्याचा पराभव झाला. त्यानंतरच्या तहात बंगळूर व त्या बाजूचा मुलूख व्यंकोजीराजांच्या पत्नी दीपाबाई यांना चोळी-बांगडीसाठी म्हणून छत्रपतींनी दिला. पुढे 1687 साली मोगलांनी ते ठाणे जिंकले व लवकरच ते म्हैसूरच्या चिक्कदेवराजांकडे गेले.

तह झाला, राज्य राहिले, तरी व्यंकोजीराजांचे मन बसले ते बसलेच. रघुनाथपंत हणमंते यांनी ही वार्ता कळविल्यावर शिवछत्रपतींनी धाकट्या बंधूंना पत्र लिहिले. ग्रँट डफने 1826 साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात त्याचा इंग्रजी अनुवाद आहे. पत्राचा आरंभ दोषारोपाने होत नाही. बरेच दिवस तुमचे पत्र नाही म्हणून चैन पडत नाही, असे आधी लिहिले आहे. मग लक्षणे येतात : शरीराची निगा राखीत नाही, सण-उत्सव करीत नाही, फौज रिकामी बसून आहे, कारभारात लक्ष नाही, एखाद्या तीर्थाच्या ठिकाणी बसून काळ घालवावा एवढेच मनात आहे. संजयाने सांगावे तसे हे सांगणे आहे. नंतर वडिलांच्या पराक्रमाची आठवण, माझ्याकडून तुम्हांला भय नाही हे आश्वासन, विश्वासाचा मनुष्य म्हणून रघुनाथपंतांचे नाव, आणि सणवार करा, देहाची काळजी घ्या, लोकांना कामाला लावा हा उपदेश. बैरागी होण्याचा काळ म्हातारपणाचा, आजचा नव्हे, असे बजावून पत्र संपते.

येथे पेच शब्दाचाच आहे. व्यंकोजीराजांच्या स्थितीला लोक वैराग्य म्हणू लागले होते, कदाचित ते स्वतःही. छत्रपतींनी उदासीनता मान्य केली. वैराग्य हे तिचे नाव मात्र मान्य केले नाही. गीतेचा अठरावा अध्याय हाच भेद करतो. कर्म क्लेशदायक आहे म्हणून, शरीराला पडणाऱ्या कष्टांच्या भयाने जो ते सोडतो, त्याचा त्याग राजस. त्याला त्यागाचे फळ मिळत नाही, असे आठवा श्लोक सांगतो. पस्तिसाव्यात तर भय, शोक, विषाद यांना घट्ट धरून बसणाऱ्या धृतीला तामस म्हटले आहे. विषाद येणे तामस नव्हे, तो न सोडणे तामस. थकव्याला थोर नाव दिले की तो सुटण्याची वाट बंद होते. त्याला हीन नाव दिले, जसे मी दिले, तरीही ती बंदच होते. तथापि एक गोष्ट नजरेआड करू नये. व्यंकोजीराजांवर जो भार पडला होता त्याचा मोठा भाग पत्र लिहिणाऱ्या हातांनीच घातलेला होता. माझ्याकडून भय नाही, हे वाक्य म्हणूनच त्या पत्रात आवश्यक होते, आणि माझ्या दृष्टीने त्या पत्रातील सर्वांत मोलाचे वाक्य तेच.

आता शब्दाच्या मुळाकडे वळून हा पाठ पुरा करू. विषाद हा 'सद्' या धातूपासून झालेला. सद् म्हणजे बसणे, खाली जाणे. गात्रे ढिली पडली हे सांगताना अर्जुन जे क्रियापद वापरतो तेही याच धातूचे. सहाव्या अध्यायाच्या पाचव्या श्लोकात, स्वतःला खाली लोटू नये, असे सांगताना जो अवसाद आला आहे तोही याचाच. आणि 'प्रसाद' हाही याचाच. पाण्यातला गाळ खाली बसला की पाणी निवळते; त्या निवळण्याला प्रसाद म्हणतात. दुसऱ्या अध्यायाच्या चौसष्टाव्या व पासष्टाव्या श्लोकांत हा शब्द चित्ताविषयी आला आहे. 'वि' उपसर्ग लागला की मनुष्य बसतो, 'प्र' लागला की गाळ बसतो; धातू बदलत नाही.

पहिल्या अध्यायात अर्जुन म्हणतो, मला उभे राहवत नाही, आणि शेवटी तो रथात बसतो. अठराव्या अध्यायाच्या त्र्याहत्तराव्या श्लोकात तो जे बोलतो त्यात प्रसाद हा शब्द आहे, आणि त्यानंतर 'स्थित' हा. मी उभा आहे. मधल्या साऱ्या अध्यायांत तो केव्हा उठला, हे संजय सांगत नाही. अभ्यासकांनी पुढील पाठापूर्वी पहिल्या अध्यायाचे श्लोक 28 ते 30 व 47, दुसऱ्याचे 1 ते 10, आणि अठराव्याचा 73 हे सलग एका बैठकीत वाचावेत. दुसऱ्याच्या चौथ्या श्लोकापाशी येऊन थोडे थांबावे. आमच्या रविवारच्या मंडळात हे वाचन आता माझा भाचा करतो. तिसरा श्लोक झाला की तो पुस्तकावरून मान वर करून माझ्याकडे पाहतो, आणि मग पुढे वाचतो.